खाजगी विमानाचे बाह्यांग : रंगयोजनेतील औचित्याचा प्रश्न

उपयोजित कलांचा विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी वास्तू, वस्त्रे, भांडी, फार तर ग्रंथांची मुखपृष्ठे इथवर पोहोचते. ज्या वस्तूचे रूप यंत्रशास्त्राने आधीच निश्चित केलेले असते आणि कलावंताच्या वाट्याला केवळ तिची त्वचा उरते, अशा वस्तूकडे ती सहसा वळत नाही. खाजगी जेट विमान ही अशीच एक वस्तू होय. त्याच्या धडाचा, पंखांचा वा पुच्छाचा आकार विकत घेणाऱ्याला बदलता येत नाही. अंतर्भागातील आसने, गालिचे, लाकूडकाम यांची निवड त्याला करता येते. परंतु ती त्याच्या व त्याच्या पाहुण्यांच्या दृष्टीपुरती राहते. जगाच्या दृष्टीस पडते ते बाह्यांग, आणि बाह्यांगाबाबत धन्याच्या हाती एकच गोष्ट असते : रंगयोजना.

हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे सामान्यतः मानले जाते. ज्याने पैसे मोजले त्याने रंग ठरवावा, त्यात समीक्षेला काय स्थान, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर बिनतोड वाटला तरी अपुरा आहे. या निवडीला निकष आहेत, ते शोधून काढता येतात आणि त्यांच्या आधारे एक योजना दुसरीहून सरस ठरविता येते, हे काही प्रसिद्ध उदाहरणांच्या साहाय्याने दाखविता येईल.

१. बंधने

विमान रंगविणे म्हणजे कोऱ्या पटावर चित्र काढणे नव्हे. जुना रंग उतरवून, पृष्ठभाग स्वच्छ करून, प्रायमरचा हात देऊन मग मूळ रंग चढविला जातो आणि त्यावर चिकटपट्ट्यांच्या साहाय्याने रेषा व पट्टे उमटविले जातात. या प्रत्येक पायरीवर यंत्राचे म्हणणे ऐकावे लागते. पंखांच्या पुढच्या कडांवर पाऊस व धूळ यांचा मारा होतो आणि बर्फ साचू नये म्हणून त्या तापविण्याची सोयही पुष्कळदा तेथेच असते. त्यामुळे त्या बहुधा उघड्या धातूच्याच ठेवल्या जातात. हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रे रंगाने बुजता कामा नयेत. नाकाच्या टोकावरील आवरणामागे रडार असते. त्या आवरणाला धातुकणांचा चमकदार रंग चालत नाही. सुकाणूसारखी हलती अंगे रंगविल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो, कारण रंगालाही वजन असते आणि तोल बिघडलेले अंग वेगात थरथरू लागले तर विमानाला धोका पोहोचतो. शिवाय नोंदणीचिन्ह स्पष्ट दिसलेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार धडावरील त्याच्या अक्षरांची उंची निदान ३० सेंटिमीटर असावी लागते. भारतात नोंदलेले विमान ‘व्हीटी’ या अक्षरांनी आणि अमेरिकेतील ‘एन’ या अक्षराने ओळखले जाते. धन्याला कितीही अज्ञातवास हवा असला तरी ही अक्षरे पुसता येत नाहीत.

या बंधनांना केवळ अडथळे समजणे चुकीचे ठरेल. वृत्तातील यतीप्रमाणे ती रचनेला वळण देतात. यती जेथे पडतो तेथेच अर्थाचा विराम साधणारा कवी जसा कुशल मानला जातो, तसा उघड्या धातूची कड, खिडक्यांची रांग, दाराची चौकट आणि नोंदणीची अक्षरे यांना आपल्या योजनेत सामावून घेणारा रंगयोजक कुशल होय. ज्याच्या योजनेत ही अंगे अपघाताने आलेली दिसतात, त्याने विमान रंगविले नसून विमानाच्या चित्रावर रंग भरला आहे, असे समजावे.

हा भेद महत्त्वाचा आहे. धन्यापुढे येते ते विमानाचे एका बाजूने काढलेले सपाट चित्र. कागदावर सरळ दिसणारी रेषा गोल धडावर वळते, नाकाशी आकसते, पुच्छाकडे चढते. विमानाचे दार बहुधा डाव्या बाजूस, पुढे असते. म्हणून धनी आपले विमान पाहतो ते जवळून आणि पुढच्या डाव्या अंगाने. विमानतळावरील इतर माणसे ते दुरून, आडवे पाहतात. आकाशात गेल्यावर दिसते ते केवळ पोट. एकाच योजनेचे हे तीन पाठ होत, आणि सपाट चित्रात यांपैकी एकही पुरता दिसत नाही.

२. पांढरा रंग

बहुसंख्य खाजगी विमाने मुख्यतः पांढरी असतात. याची कारणे प्रथम व्यवहारात शोधावी लागतात. पांढरा पृष्ठभाग उन्हात कमी तापतो. धातूऐवजी तंतुमिश्रित राळेपासून बनविलेल्या अनेक लहान विमानांत व ग्लायडरांत तर वरचा पृष्ठभाग फिकटच ठेवावा लागतो, कारण अति तापल्यास या पदार्थाचे बळ घटते. पांढऱ्यावर तेलाची गळती वा बारीक चीर चटकन दिसते. विमान पुढे विकायचे झाल्यास नव्या गिऱ्हाइकाला पांढऱ्यावर आपली रेषा ओढून घेणे सोपे जाते.

परंतु व्यवहारातून आलेल्या या रंगाला कालांतराने अर्थही प्राप्त झाला आहे. पुष्कळ पांढऱ्या विमानांमध्ये उभे असलेले एक पांढरे विमान कोणाचे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. येथील पांढरेपणा साधेपणाचा निदर्शक नसून माघारीचा निदर्शक आहे. ज्याच्यापाशी दाखविण्यासारखे पुष्कळ आहे त्याने न दाखविण्याचा केलेला तो निश्चय असतो. नोंदणीच्या अक्षरांमुळे हा निश्चय आता पुरा सफल होत नाही, ही गोष्ट वेगळी. खाजगी विमानांचे मार्ग सामान्य नागरिकही पाहू लागल्यावर फ्रान्समधील एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाने २०२२ मध्ये समूहाचे विमान विकून टाकल्याचे जाहीर सांगितले. तेव्हा रंग मुका राहिला तरी अक्षरे बोलतात. पांढरी पार्श्वभूमी ही सर्वसाधारण प्रथा असल्यामुळे तिच्यापासून ढळणारा प्रत्येक रंग मात्र हेतुपूर्वक निवडलेला ठरतो आणि म्हणून त्याला उत्तरदायित्व येते.

३. निकष

मग या निवडीची परीक्षा कशाने करावी? बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचारातील संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे प्रथम आठवतात. विमानाच्या रंगांतील परस्परसंबंध त्यांच्या आधारे चांगले उलगडता येतात, हे निःसंशय. गडद पोट व फिकट पाठ यांचा विरोध, पुच्छावरील वजनदार रंगाला नाकाशी दिलेल्या लहान खुणेने साधलेला समतोल, ही वर्णने अर्थपूर्ण आहेत. तथापि ती पुरेशी नाहीत. तेच रंग त्याच लयीत एखाद्या भिंतीवर सुंदर दिसतील आणि विमानावर विद्रूप. कांटने १७९० मध्ये स्वतंत्र सौंदर्य व आश्रित सौंदर्य असा जो भेद केला, त्याची येथे गरज पडते. गोंदणाच्या आकृती स्वतः कितीही रम्य असल्या तरी त्या मनुष्यदेहावर आहेत ही गोष्ट आपला निर्णय बदलते, असे त्याचे प्रतिपादन आहे. विमानाची रंगयोजना ही अशीच देहावरची आकृती आहे.

आपल्या परंपरेत या विचाराला औचित्य हे नेमके नाव आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात अलंकार योग्य स्थानी असेल तरच तो अलंकार, असे सांगताना गळ्यात घातलेल्या मेखलेचा आणि कमरेला बांधलेल्या हाराचा हास्यास्पद दाखला दिला आहे. हा विचार विमानाला लावल्यास औचित्याची तीन अंगे दिसतात. पहिले देहाचे औचित्य : योजना विमानाच्या आकाराशी, त्याच्या गतीच्या दिशेशी सुसंगत आहे काय? दुसरे धन्याचे औचित्य : ती ज्याचे विमान त्याच्याविषयी खरे बोलते काय? तिसरे, आणि बहुधा दुर्लक्षित, प्रेक्षकाचे औचित्य : ज्याला या विमानात कधीही पाऊल ठेवायचे नाही, त्याच्याशी ती कशी वागते?

तिसऱ्या अंगाविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. खाजगी विमानाचे अंतरंग खाजगी असते, पण बाह्यांग खाजगी असू शकत नाही. सामान वाहणारा हमाल, इंधन भरणारा कामगार, दुसऱ्या विमानाची वाट पाहणारा प्रवासी आणि धावपट्टीच्या कुंपणापलीकडे राहणारा रहिवासी हे त्याचे खरे प्रेक्षक. त्यांनी ते पाहण्याचे निवडलेले नसते. वाड्याचे दालन धन्याचे असले तरी दर्शनी भिंत रस्त्याची असते; तिच्याबाबत रस्त्याला काही म्हणण्याचा अधिकार आहे.

४. काही उदाहरणे

अमेरिकन मासिकाचे मालक ह्यू हेफ्नर यांनी डग्लस कंपनीच्या डीसी-९ जातीचे विमान घेऊन ते संपूर्ण काळे रंगविले आणि पुच्छावर आपल्या मासिकाचे चिन्ह असलेले पांढरे सशाचे मुंडके काढले. देहाच्या दृष्टीने ही योजना बलवान होती. काळ्या रंगाने खिडक्या, दारे, सांधे सारे गिळून टाकले आणि धडाची एकसंध आकृती तेवढी शिल्लक ठेवली. धन्याविषयीही ती खोटे बोलत नव्हती. रात्रीचे जीवन, विलास आणि जाहिरात या तिन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या. परंतु प्रेक्षकाला तिने केवळ गिऱ्हाईक मानले. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून अमेरिकेत आणलेल्या अनाथ मुलांना पुढच्या शहरांत पोहोचविण्यासाठी हेच विमान वापरले गेले. मदत खरी होती, पण पुच्छावरील ससा त्या प्रसंगाशी बोलू शकत नव्हता. एका प्रसंगापुरते औचित्य साधणारी योजना दुसऱ्या प्रसंगी उघडी पडते, याचे हे बोलके उदाहरण.

गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी त्याच वर्षी कॉन्व्हेअर ८८० जातीचे एक वापरलेले प्रवासी विमान विकत घेतले आणि त्याला आपल्या मुलीचे, लिसा मारीचे, नाव दिले. पांढऱ्या धडावर निळ्या व तांबड्या रंगांच्या रेषा, पुच्छावर राष्ट्रध्वज आणि त्याखाली वीज व ‘टीसीबी’ ही अक्षरे. नोंदणीचिन्हातही विमानाची जात आणि धन्याच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली होती. या योजनेत नवे असे काही नाही; तिचा पट्टा तत्कालीन कोणत्याही विमान कंपनीच्या पट्ट्यासारखा आहे. तरीही ती केवळ दिखाऊ वाटत नाही, कारण नाकाजवळ लिहिलेले मुलीचे नाव सगळ्या थाटाला घरगुती पातळीवर आणते. धन्याने येथे आपले ऐश्वर्य सांगितले, पण आपला जिव्हाळाही सांगितला. हे विमान आज मेम्फिसमध्ये त्यांच्या ग्रेसलँड या निवासस्थानाजवळ पाहावयास मिळते.

याउलट शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी ब्रॅनिफ या विमान कंपनीसाठी १९७३ मध्ये डीसी-८ जातीच्या विमानावर केलेली योजना. विमान खाजगी नव्हते, परंतु उदाहरण उद्बोधक आहे. धडावर कंपनीच्या नावाऐवजी काल्डर यांची स्वाक्षरी होती. तांबडे, पिवळे, निळे मोठे आकार खिडक्यांची तमा न बाळगता धडावर पसरले. देहाचे औचित्य येथे जाणूनबुजून मोडले आहे. ज्याने हवेत हलणारी शिल्पे घडविण्यात आयुष्य वेचले, त्याने एका प्रचंड हलत्या वस्तूला स्वतःचे शिल्प मानले. हा अपवाद यशस्वी झाला, कारण प्रेक्षकाला त्याने काही विकले नाही, तर काही देऊ केले. मात्र या यशाचे अनुकरण धोक्याचे आहे. कलावंताच्या ठिकाणी धनी आला आणि स्वाक्षरीच्या ठिकाणी त्याचे नाव आले, की उरतो तो केवळ आक्रोश.

आपल्याकडील उदाहरण एअर इंडियाचे. १९७१ मध्ये दाखल झालेल्या बोइंग ७४७ विमानांच्या प्रत्येक खिडकीभोवती तांबड्या रंगाची झरोक्याची महिरप काढलेली होती. खिडक्यांवरून आडवा पट्टा ओढून त्या लपविण्याची तेव्हाची सार्वत्रिक रीत होती. या योजनेने उलट प्रत्येक खिडकीला मान दिला. ज्या वर्षी संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने रद्द झाले, त्याच वर्षी सरकारी मालकीच्या विमानाने राजवाड्याचे रूप घ्यावे, यात एक नकळत साधलेला विनोद आहे. पण तो विनोद सौम्य आहे : राजवाड्याच्या झरोक्यात आता तिकीट काढलेला कोणीही बसू शकत होता.

५. लोई यांची योजना

या सर्व उदाहरणांत सर्वांत अधिक अभ्यासनीय ठरते ती अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या बोइंग ७०७ जातीच्या विमानासाठी १९६२ मध्ये झालेली योजना. हे विमान राज्यसंस्थेचे असले तरी एका व्यक्तीच्या वापराचे असल्यामुळे खाजगी विमानाचा प्रश्न त्याच्यापुढे अधिक तीव्रतेने उभा होता. पॅरिसमध्ये जन्मलेले व आगगाड्यांच्या इंजिनांपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तूंना रूप देणारे रेमंड लोई यांना राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचे तत्कालीन भडक नारिंगी रूप पाहून ते हिणकस वाटले. त्यांनी आपली सेवा विनामूल्य देऊ केली. त्यांच्या प्रारंभिक आराखड्यांपैकी जॉन केनेडी यांनी एक पसंत केला, पण तो आपल्या आवडत्या निळ्या रंगात करावा असे सुचविले.

म्हणजे मूळ निर्णय आवडीचाच होता. परंतु ती आवड पुढे कोणत्या संस्कारातून गेली, हे पाहण्यासारखे आहे. लोई यांनी निळ्याच्या दोन छटा घेतल्या. फिकट छटेने नाक वेढून खिडक्यांच्या रांगेबरोबर मागे जाणारी दिशा घेतली. पाठ पांढरी राहिली आणि पोटाचा धातू घासूनपुसून तसाच उघडा ठेवला गेला. धातू लपविण्याऐवजी त्यालाच तिसरा रंग म्हणून कामास लावणे, हे देहाच्या औचित्याचे उत्तम उदाहरण होय. आनंदवर्धनाने ज्याला वेगळ्या प्रयत्नावाचून सिद्ध होणारा अलंकार म्हटले, त्या कोटीतील ही गोष्ट आहे. अक्षरांसाठी लोई यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या छापील प्रतीकडे पाहिले आणि कॅस्लन वळणाची, सैल अंतराने मांडलेली मोठी अक्षरे निवडली. हवाई दलाच्या नावाची जागा देशाच्या नावाने घेतली. विमानावर राष्ट्राध्यक्षाचे नाव कोठेही नाही. केवळ पदाची मुद्रा आहे.

या योजनेचे यश येथे आहे. आवडता रंग व्यक्तीचा होता. अक्षरे इतिहासाची, धातू विमानाचा आणि नाव देशाचे. यांच्या संयोगात व्यक्तीची आवड विरून गेली. या औचित्याची कसोटी फार लवकर लागली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास येथे केनेडी यांची हत्या झाल्यावर त्यांची शवपेटी याच विमानातून राजधानीस नेण्यात आली आणि उड्डाणापूर्वी विमानातच लिंडन जॉन्सन यांचा शपथविधी झाला. ज्या निळ्यात वर्षभर वैभव दिसले, त्याच निळ्यात त्या दिवशी शोक सामावला. रंग बदलावा असे कोणास वाटले नाही. काळे विमान अनाथ मुलांसमोर अडखळले आणि निळे विमान मृत्यूसमोर अडखळले नाही, या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे औचित्य ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे, हे ध्यानी येते. १९९० मध्ये नवी, कितीतरी मोठी विमाने आली तेव्हाही हीच योजना त्यांच्यावर चढविण्यात आली.

६. उलटा प्रवास

या योजनेचा उत्तरकाळही बोधप्रद आहे. २०१८ मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांनी पुढील विमानांसाठी तांबडा, पांढरा व गडद निळा अशी योजना पुढे केली. हे राष्ट्रध्वजाचे रंग असल्यामुळे त्यांच्यात अनुचित असे स्वतः काही नाही, आणि साठ वर्षांची जुनी योजना बदलू नये असाही काही दंडक नाही. परंतु त्यांच्या खाजगी बोइंग ७५७ विमानाच्या रंगांशी असलेले साम्य अनेकांच्या नजरेस आले. लोई यांच्या हाती व्यक्तीची आवड पदात विरली होती. येथे पदाच्या विमानावर व्यक्तीच्या विमानाची छाया पडत असल्याचा आक्षेप उपस्थित झाला. २०२२ मध्ये ही योजना मागे पडली तेव्हा पुढे केलेले कारण मात्र सौंदर्याचे वा नीतीचे नव्हते. गडद रंगामुळे काही भाग अधिक तापतील आणि त्यांची नव्याने चाचणी घ्यावी लागेल, असे सांगण्यात आले. २०२३ मध्ये जुन्या योजनेला बरीच जवळची अशी योजना जाहीर झाली. २०२५ पासून हा विषय पुन्हा चर्चेत आला; तेव्हा तो निर्णयही अखेरचा मानण्याचे कारण नाही.

या वादात समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते हे की, प्रश्न औचित्याचा होता आणि उत्तर उष्णतेचे मिळाले. औचित्याची भाषा सार्वजनिक व्यवहारातून लुप्त झाली म्हणजे तिचे काम तापमापकाला करावे लागते. तापमापकाचा निर्णय योग्य असू शकतो. परंतु तो निर्णय का योग्य, हे तापमापकाला सांगता येत नाही.

खाजगी विमानाच्या धन्यापुढे रंगांची पुस्तिका उघडली जाते तेव्हा त्याला आपण आपल्यासाठी निवड करीत आहोत असे वाटते. वस्तुतः तो स्वतः विमानात बसल्यावर त्याला तो रंग दिसणार नसतो. ज्याला तो दिसेल तो बाहेर उभा आहे. पांढऱ्या रंगाची माघार, काळ्याचा दिमाख, मुलीच्या नावाची माया, झरोक्याचा सौम्य विनोद आणि निळ्याचा संयम ही सर्व त्या बाहेरच्या माणसाला दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत. त्यांपैकी कोणते उत्तर उचित, हे प्रत्येक विमानापुरते वेगळे ठरेल. परंतु तो माणूस तेथे उभा आहे हे विसरून केलेली योजना उचित ठरणार नाही, एवढे निश्चित म्हणता येते.